वर्ग कशाचा घ्यायचा? तरंगफलनाच्या खरेपणाविषयी

क्वांटम मेकॅनिक्स शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक वाक्य फळ्यावर लिहायची माझी पद्धत होती: तरंगफलनाला (म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणाचं वर्णन करणाऱ्या गणिती फलनाला, वेव्ह फंक्शनला) स्वतःला भौतिक अर्थ नाही, अर्थ आहे तो त्याच्या वर्गाला, स्क्वेअरला. पाठ्यपुस्तकांत हे वाक्य असतं, परीक्षेत विचारलं जातं आणि मुलं ते मुकाट्यानं उतरवून घेतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, ज्याला अर्थच नाही त्याचा वर्ग घेतला की अर्थ कुठून येतो?" मी काहीतरी बोललो. निरीक्षण, संभाव्यता, बोर असे शब्द त्यात होते. तिनं मान डोलावली आणि वही मिटली. पटलं म्हणून नव्हे, नाद सोडला म्हणून. आज जे बोलणार आहे ते तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

तरंगफलन काम काय करतं याबद्दल वाद नाही, म्हणून ते लवकर उरकतो. इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणी सापडण्याची शक्यता किती, हे काढायचं असेल तर त्या ठिकाणची तरंगफलनाची किंमत घ्यायची आणि तिच्या आकारमानाचा वर्ग करायचा. तरंगफलन वेळेनुसार कसं बदलतं ते श्रोडिंगरच्या समीकरणातून मिळतं. त्यातून निघालेली उत्तरं प्रयोगाशी जुळतात, आणि इतकी जुळतात की ट्रान्झिस्टर, लेझर, एमआरआय ही सगळी यंत्रं त्यांच्यावर चालतात. वाद आहे तो वेगळाच: ही जी किंमत आपण कागदावर लिहितो, ती इलेक्ट्रॉनची आहे की आपली? चेंडूचा वेग चेंडूचा असतो. उद्या पाऊस पडायची शक्यता साठ टक्के, हा आकडा मात्र ढगात कुठे लिहिलेला नसतो. तो सांगणाऱ्याच्या माहितीचा असतो. तरंगफलन यांतल्या कुठल्या खात्यात टाकायचं?

श्रोडिंगरचं मत सुरुवातीला अगदी साफ होतं. १९२६ च्या पहिल्या सहामाहीत त्यानं एकामागून एक निबंध लिहिले, तेव्हा ही लाट त्याला पाण्याच्या लाटेइतकीच खरी वाटत होती. इलेक्ट्रॉन म्हणजे बारीक गोळी नव्हे, तर अणूभोवती पसरलेला विद्युतभार, असं त्याला म्हणायचं होतं. कल्पना सुंदर होती आणि ती टिकली नाही. मे महिन्यात लॉरेंट्झनं त्याला लांबलचक पत्र लिहिलं. लॉरेंट्झ तेव्हा बहात्तर वर्षांचा, सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांना वडीलधारा. त्यानं आधी कौतुक केलं आणि मग दोन ठिकाणी बोट ठेवलं. एक, अशी लाट हळूहळू पसरत जाते, मग इलेक्ट्रॉन एकसंध कसा राहतो? आणि दुसरं, जे मला आजही जास्त बोचतं: तीन निर्देशकांपुरतं, म्हणजे एका कणाची जागा सांगणाऱ्या तीन आकड्यांपुरतं, हे चित्र डोळ्यांसमोर आणता येतं, पण कण वाढले की काय करायचं?

या दुसऱ्या मुद्द्यापाशी थोडं थांबू या, कारण लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत तो बहुतेक वेळा गाळलेला असतो. हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन, म्हणून त्याचं तरंगफलन नेहमीच्या तीन मितींच्या अवकाशात काढता येतं. पुस्तकांतली ती फुगीर, डंबेलसारखी चित्रं त्याचीच. हेलियममध्ये इलेक्ट्रॉन दोन. तुम्हाला वाटेल, मग एकाच खोलीत दोन लाटा. तसं नाही. लाट एकच, पण तिला सहा आकडे लागतात: पहिल्या इलेक्ट्रॉनच्या जागेचे तीन आणि दुसऱ्याच्या जागेचे तीन. "अमुक बिंदूपाशी तरंगफलन किती?" हा प्रश्न हेलियमला विचारताच येत नाही. विचारावं लागतं ते असं: "पहिला इथे आणि दुसरा तिथे असेल तर किती?" पाण्याच्या एका रेणूत दहा इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे तीस मिती. प्रत्येक दिशेला फक्त दहा बिंदू घेऊन हे तरंगफलन नोंदवायचं ठरवलं तर एकावर तीस शून्यं इतके आकडे लिहावे लागतील. ही लाट खोलीत मावत नाही, आणि प्रश्न तिच्या आकाराचा नाही; ती या खोलीतली नाहीच. तापमानाचा नकाशा काढता येतो, कारण प्रत्येक जागेला आपापलं तापमान असतं. तरंगफलन जागेला चिकटलेलं नसतं, ते सगळ्या कणांच्या एकत्रित मांडणीला चिकटलेलं असतं.

त्याच उन्हाळ्यात माक्स बॉर्ननं दुसरी वाट काढली. कण अणूवर आपटून कसे विखुरतात यावर तो लिहीत होता. तरंगफलनातून मिळते ती संभाव्यता, असं त्यानं मांडलं. गंमत अशी की निबंधाच्या मजकुरात त्यानं संभाव्यता थेट तरंगफलनाच्या सहगुणकाएवढी धरली होती. मुद्रितं तपासताना चूक ध्यानात आली आणि त्यानं तळटीप टाकली: नीट विचार केल्यावर दिसतं की संभाव्यता वर्गाच्या प्रमाणात असते. मी फळ्यावर इतकी वर्षं जे वाक्य लिहीत आलो त्याचा जन्म एका तळटिपेतला. या कामासाठी त्याला नोबेल मिळालं ते १९५४ साली, तब्बल अठ्ठावीस वर्षांनी.

संभाव्यता म्हटली की 'ही आपली माहिती' असं म्हणायचा मोह होतो, आणि तो फुकाचा नाही. १९२७ साली ब्रुसेल्सच्या परिषदेत आइनस्टाइननं फळ्यावर एक साधी आकृती काढली. पडद्याला बारीक भोक, त्यातून इलेक्ट्रॉनची लाट बाहेर पडून अर्धगोलात पसरते, पलीकडे अर्धगोलाकृती फिल्म. लाट फिल्मभर पोचते, पण ठिपका एकाच जागी उमटतो. लाट खरी असेल, तर ठिपका उमटला त्या क्षणी बाकीच्या फिल्मवरची लाट गेली कुठे? इतक्या लांबून, इतक्या झटक्यात? उलट लाट म्हणजे आपली माहिती मानली तर यात नवल कसलं? बंद पाकिटातल्या दोन चिठ्ठ्यांपैकी एक मी उघडली की दुसरीत काय आहे ते मला तत्काळ कळतं. दुसऱ्या पाकिटात त्या क्षणी काहीही घडलेलं नसतं.

मघाच्या मितींच्या अडचणीलाही हा पक्ष मोठं झकास उत्तर देतो. दहा फासे टाकले तर त्यांच्या सगळ्या मांडण्या सहाचा दहावा घात, म्हणजे ६ कोटी ४ लाखांच्या वर. प्रत्येक मांडणीसमोर संभाव्यता लिहायची तर तेवढ्या ओळींचा तक्ता लागेल. पण हा तक्ता जगात कुठे पसरला आहे, असं कुणी विचारत नाही, कारण टेबलावर फासे फक्त दहा आहेत. तक्ता आपल्या डोक्यातला. तरंगफलनाचं अवाढव्य अवकाश हे नेमकं असंच दिसतं. रॉबर्ट स्पेकेन्सनं २००७ साली मुद्दाम एक खेळण्यातलं जग रचून दाखवलं. त्यातल्या वस्तूंना आपापली पक्की अवस्था असते, पण तिच्याबद्दल फक्त अर्धीच माहिती मिळवता येते, असा एक नियम घातलेला. एवढ्या एका नियमातून क्वांटमच्या म्हणून मिरवल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी निघतात: अज्ञात अवस्थेची नक्कल करता येत नाही, एक मोजलं की दुसरं बिघडतं, व्यतिकरणाचेही, म्हणजे लाटा एकमेकींना वाढवतात किंवा खोडतात त्याचेही, काही प्रकार. तो निबंध वाचून मी काही दिवस पुरता माहितीवाद्यांच्या गोटात गेलो होतो, हे कबूल करतो.

आता हा टॉर्च आणि या तीन ध्रुवक पट्ट्या बघा. ध्रुवक पट्टी एका ठरावीक दिशेनं कंप पावणारा उजेडच पुढे सोडते; त्या दिशेला ध्रुवण म्हणतात. पहिली पट्टी टॉर्चसमोर धरली, उजेड निम्मा झाला. दुसरी तिच्यापुढे काटकोनात धरली, आणि भिंतीवर अंधार. आता हात न हलवता तिसरी पट्टी या दोघींच्या मध्ये सरकवतो, तिरकी, पंचेचाळीस अंशांवर. भिंतीवर पुन्हा उजेड आला. अडवणाऱ्या दोन पट्ट्यांत आणखी एक अडवणारी पट्टी घातली आणि उजेड वाढला! हा उजेड पहिल्या पट्टीतून आलेल्या उजेडाच्या चौथा हिस्सा असतो. आदर्श पट्ट्यांत, ही स्वस्तातली पट्टी त्याहून कमी देते. लाट म्हणून विचार केला तर यात गूढ काही नाही, एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. पण टॉर्च इतका मंद करा की एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे उजेडाचा एकच कण, सुटेल. फोटॉनचा चौथा हिस्सा पलीकडे जात नाही. तो अख्खा जातो किंवा अख्खा अडतो. पहिली पट्टी उभी धरलेली, तिच्यातून तो पार झाला म्हणजे त्याचं ध्रुवण उभं झालं. तिरक्या पट्टीतून पार व्हायची शक्यता निम्मी, आणि झाला तर तो आता तिरका. मग आडव्या पट्टीतून जायची शक्यता पुन्हा निम्मी. निम्म्याचं निम्मं, म्हणजे चौथा हिस्सा.

एक गोष्ट इथे हाताशी ठेवा, पुढे लागणार आहे. समजा मी तुमच्या हातात एकच फोटॉन दिला आणि सांगितलं, हा उभा तरी आहे किंवा तिरका तरी, ओळखा. खात्रीनं ओळखण्याची रीत अस्तित्वातच नाही. उभ्या पट्टीतून तो गेला तर उभा असेल, किंवा तिरका असून नशिबानं गेला असेल. माहितीवादी म्हणतात, बघा! वस्तूचा जो गुण वस्तूला विचारून कळत नाही, तो वस्तूचा कसला? तो तयार करणाऱ्याच्या वहीतला.

बरं, मग दुसऱ्या बाजूकडे काय आहे? तिच्याकडे एक छोटंसं वजा चिन्ह आहे. जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी एकेका इलेक्ट्रॉनचा प्रयोग केला. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एक अतिबारीक भारित तंतू, त्याच्या डावीकडून किंवा उजवीकडून इलेक्ट्रॉन जाणार. गती अशी ठेवलेली की उपकरणात एका वेळी एकापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन जवळजवळ कधीच नसेल. पडद्यावर एक ठिपका पडतो. मग दुसरा, भलतीकडेच. शे-दोनशे ठिपक्यांपर्यंत आभाळात विखुरलेल्या चांदण्यांसारखं दिसतं, काही शिस्त म्हणून नाही. हजारो झाले की उभे पट्टे धूसर दिसायला लागतात, आणि वीसेक मिनिटांत काळे-पांढरे पट्टे स्वच्छ. मी ती चित्रफीत वर्गात दरवर्षी दाखवतो, आणि पट्टे उगवतात त्या सुमारास वर्गातली कुजबुज दरवर्षी थांबते.

तुम्ही पांढऱ्या पट्ट्यांकडे बघू नका, काळ्यांकडे बघा. समजा काळ्या पट्ट्यातली एक जागा धरली. फक्त डावी वाट उघडी असती तर तिथे इलेक्ट्रॉन आले असते. फक्त उजवी असती तरी आले असते. दोन्ही उघड्या, तर येत नाहीत. अज्ञानाच्या हिशेबात असं कधी होत नाही. चोर पुढच्या दारानं येण्याची शक्यता अधिक मागच्या दारानं येण्याची शक्यता, बेरीज वाढतेच. दुसरं दार उघडं टाकल्यानं चोर येणं बंद झालं, असं कुणी ऐकलेलं नाही. संभाव्यता शून्याखाली जात नाहीत, त्यामुळे एकमेकींना खोडूही शकत नाहीत. खोडाखोड करतात ती तरंगफलनाच्या किमती, वर्ग घेण्याआधी. त्या मुलीच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथे सुटतो: वर्ग घेण्याच्या आधीच काहीतरी घडून गेलेलं असतं, आणि ते दोन्ही वाटांनी घडलेलं असतं.

अर्धाच म्हणतो, कारण स्पेकेन्सच्या खेळण्यातही थोडंफार व्यतिकरण होतं. नुसते पट्टे दाखवून निकाल लागत नाही. निकालाच्या जवळ जाणारी गोष्ट नोव्हेंबर २०११ मध्ये समोर आली. मॅथ्यू प्युसी, जोनाथन बॅरेट आणि टेरी रुडॉल्फ या तिघांचा तो निबंध पुढच्या वर्षी नेचर फिजिक्समध्ये छापून आला. मला तो गेल्या काही दशकांतला या विषयावरचा सर्वांत नेटका युक्तिवाद वाटतो. त्याला गणित फारसं लागत नाही, तेव्हा सावकाश जाऊ या.

आधी 'माहिती' आणि 'गुण' यांच्यातला फरक घट्ट करू. फासा टाकून झाकून ठेवला. एकाला कळवलं, "सम आलं." दुसऱ्याला कळवलं, "तीनपेक्षा मोठं आलं." दोघांची वर्णनं वेगळी, पण फाशावर चार किंवा सहा असेल तर दोघंही बरोबर. एकाच खऱ्या अवस्थेवर दोन वेगळी वर्णनं बसतात, म्हणजे ही वर्णनं फाशाचे गुण नव्हेत, माहिती आहे. चेंडूच्या वेगाचं तसं होत नाही. एकाच चेंडूचा एकाच क्षणी वेग दहा आणि वीस, दोन्ही बरोबर, असं शक्य नाही. आता कसोटी सरळ आहे. उभं ध्रुवण आणि तिरकं ध्रुवण ही दोन तरंगफलनं. फोटॉनच्या आत जी काही खरी अवस्था असेल, मग ती कशीही असो, तिच्यावर ही दोन्ही वर्णनं कधी एकदम बसू शकतात का? बसत असतील तर तरंगफलन म्हणजे माहिती. कधीच बसत नसतील तर प्रत्येक खऱ्या अवस्थेत तिचं तरंगफलन कोरलेलं आहे, म्हणजे तो वस्तूचा गुण झाला.

समजा बसतात. मग दोन फोटॉन घ्या, एकमेकांशी संबंध न ठेवता वेगवेगळे तयार केलेले. प्रत्येक उभा तरी किंवा तिरका तरी. जोडीच्या चार शक्यता: उभा-उभा, उभा-तिरका, तिरका-उभा, तिरका-तिरका. दोन्ही फोटॉन मिळून एका उपकरणात टाकायचे, ज्यावर चार दिवे आहेत आणि दर वेळी त्यांतला एक लागतोच. क्वांटमचं गणित सांगतं की हे उपकरण असं बांधता येतं की पहिला दिवा उभा-उभा जोडीला कधीही लागणार नाही, दुसरा उभा-तिरका जोडीला कधीही नाही, तिसरा तिरका-उभाला नाही, चौथा तिरका-तिरकाला नाही. प्रत्येक जोडीला एकेक दिवा वर्ज्य.

आता आपण मानलं आहे की अधूनमधून फोटॉनची खरी अवस्था अशी येते जी उभ्यालाही चालते आणि तिरक्यालाही. दोन्ही फोटॉन स्वतंत्र आहेत, तेव्हा कधीतरी दोघेही एकाच वेळी असे दुटप्पी निघणार. ती जोडी उपकरणात शिरते. उपकरणासमोर फक्त खरी अवस्था आहे, तयार करणाऱ्याची वही नाही. या अवस्थेवर चारही वर्णनं बसतात. कुठला दिवा लावायचा? पहिला लावला तर जोडी उभा-उभा म्हणून तयार केलेली असू शकते, आणि तिला तो वर्ज्य. दुसरा लावला तरी तेच, तिसरा, चौथा, तेच. आणि एक दिवा तर लागलाच पाहिजे. उपकरणाची पंचाईत! सुटका एकच: अशी दुटप्पी अवस्था कधी येतच नाही. म्हणजे उभं आणि तिरकं हे फोटॉनच्या आतच वेगळं आहे, जरी एकट्या फोटॉनला विचारून ते आपल्याला ओळखता येत नसलं तरी. दोन तरंगफलनं याहून जवळची असली तर दोनऐवजी जास्त फोटॉन लागतात, युक्तिवाद तोच.

हे वाचलं त्या रात्री मी माहितीवाद्यांच्या गोटातून बाहेर पडलो. पूर्ण नाही, एक पाय अजून दारात आहे, आणि त्याचं कारण सांगितलं पाहिजे. या युक्तिवादाला दोन टेकू आहेत. वेगवेगळ्या तयार केलेल्या वस्तूंच्या खऱ्या अवस्थाही वेगवेगळ्याच असतात, हा एक. तो काढून घेतला तर तरंगफलनाला माहिती मानणारी प्रतिरूपं रचता येतात, आणि गंमत म्हणजे २०१२ मध्येच ज्यांनी ती रचून दाखवली त्या चौघांत बॅरेट आणि रुडॉल्फ स्वतः होते. माझ्या मते हा टेकू भक्कम आहे. दोन प्रयोगशाळांत बनवलेल्या वस्तू आतून आधीच संगनमत करून येतात असं मानायचं ठरवलं, तर कुठलाच प्रयोग करायला नको. दुसरा टेकू जास्त खोल आहे: वस्तूला स्वतःची काही खरी अवस्था असते, हेच मुळात. क्यूबिझम नावाचा पंथ, क्रिस्टोफर फुक्स आणि त्याचे सहकारी, हा टेकूच नाकारतात. चित्रकलेतल्या क्यूबिझमशी याचा संबंध नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार तरंगफलन म्हणजे मी पुढच्या अनुभवावर लावायची पैज. पैजेखाली लपलेली अवस्था शोधायचीच नसते. हे सुसंगत आहे, मला खोडता येत नाही. फक्त मला वाटतं की मग काळ्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन का येत नाहीत, या प्रश्नाला "तशी पैज लावणं शहाणपणाचं नाही म्हणून" एवढंच उत्तर उरतं. माझी भूक त्यावर भागत नाही.

म्हणजे माझी बाजू अशी: तरंगफलन हे आपल्या अज्ञानाचं नाव नव्हे. वस्तूला स्वतःचं काही असेल, तर तरंगफलन त्यात आहे. पण त्यावरून ती 'लाट' खरी ठरत नाही, आणि लोक नेमकी इथे उडी मारतात. तरंग हा शब्दच फसवा. हेलियमच्या सहा मिती कुठेही गेलेल्या नाहीत. शिवाय तरंगफलनाच्या सगळ्या किमतींना उणे एकनं गुणलं तर कुठल्याही प्रयोगात फरक पडत नाही. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजा नाहीतर पायथ्यापासून, डोंगर तोच, तसंच इथे. वहीतला एकेक आकडा खरा नाही, आकड्यांमधले संबंध खरे आहेत.

आणि ते आकडे तरी कसले? तुमच्यापैकी जुन्या अभ्यासक्रमात मराठीतून गणित शिकलेल्यांना 'सदसत् संख्या' हा शब्द आठवत असेल. कॉम्प्लेक्स नंबर. एक सत् भाग, एक असत् भाग. ज्या कुणी हा शब्द घडवला त्याच्या मनात इलेक्ट्रॉन नसणार, पण आजच्या प्रश्नाला इतका चपखल शब्द मला दुसऱ्या भाषेत सापडला नाही. श्रोडिंगरला हे फार खटकत असे. लॉरेंट्झच्या त्या पत्राला जूनमध्ये उत्तर देताना त्यानं लिहिलं की सदसत् संख्या वापराव्या लागतात हे अप्रिय आहे, तरंगफलन मुळात सत् संख्यांचंच असलं पाहिजे. तेव्हापासून असा समज होता की सदसत् संख्या ही निव्वळ सोय आहे, हवं तर त्यांच्याशिवायही भागेल. २०२१ मध्ये दाखवून दिलं गेलं की स्वतंत्र उगम असलेल्या कणांच्या जाळ्यात, नेहमीचीच चौकट ठेवून फक्त सत् संख्या वापरल्या, तर उत्तरं वेगळी येतात. आणि पाठोपाठ झालेले प्रयोग सदसत् संख्यांच्या बाजूनं गेले.

कुणीतरी विचारेल, म्हणून आधीच सांगतो: तरंगफलनाचे फोटो निघाले आहेत ना? १९९३ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत तांब्याच्या थंडगार पृष्ठभागावर ४८ लोखंडाचे अणू एकेक करून गोलात मांडले, आणि आतल्या इलेक्ट्रॉनांच्या वर्तुळाकार लहरी सूक्ष्मदर्शकात दिसल्या. चित्र अप्रतिम आहे, पण त्यात दिसतात ते वर्गच, तेही अनेक इलेक्ट्रॉनांचे मिळून. २०११ साली कॅनडात फोटॉनचं तरंगफलन 'थेट' मोजलं, तेसुद्धा एकसारख्या तयार केलेल्या असंख्य फोटॉनांवर अगदी हलक्या हातानं मोजमाप करून. एकट्या फोटॉनचं तरंगफलन अजून कुणी वाचलेलं नाही, आणि नियमानुसार वाचता येणारही नाही.

तरंगफलन खरं मानलं की मग आइनस्टाइनच्या आकृतीचं देणं फेडावं लागतं: ठिपका उमटला तेव्हा उरलेली लाट गेली कुठे? देणं फेडायच्या तीन रीती आहेत आणि तिन्हींत काही ना काही गहाण पडतं. डेव्हिड बोमची, १९५२ ची: कणही खरा, लाटही खरी, लाट कणाला वाट दाखवते, पण मग इथल्या कणाच्या वेगावर पार तिथल्या कणाचा तत्काळ परिणाम मानावा लागतो. ह्यू एव्हरेटची, १९५७ ची: लाट कुठेच जात नाही, सगळे ठिपके उमटतात, आपण त्यांतल्या एका फांदीवर असतो. आणि गिरार्दी, रिमिनी, वेबर या तिघांची, १९८६ ची: लाट खरोखरच आपोआप कोसळते, फार क्वचित, त्यासाठी श्रोडिंगरचं समीकरणच जरासं बदलावं लागतं. ही तिसरी मला आवडते ती एवढ्यासाठीच की ती प्रयोगानं खोटी ठरू शकते. व्हिएन्नात २०१९ साली दोनेक हजार अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण दाखवलं गेलं. असे रेणू जसजसे मोठे होतील तसतशी तिची जागा आक्रसत जाईल.

व्याख्यान इथे संपलं असतं, पण मागच्या वेळी याच विषयावर बोललो तेव्हा शेवटी एका गृहस्थांनी हात वर केला आणि विचारलं, "ते सगळं ठीक. माझ्या या नखातल्या एका इलेक्ट्रॉनचं तरंगफलन आत्ता काय आहे?" लोक हसले. पण प्रश्न फार चांगला होता, आणि त्याचं उत्तर आहे: काहीच नाही. त्या इलेक्ट्रॉनला स्वतःचं असं तरंगफलन नाही. तो शेजारच्या इलेक्ट्रॉनांशी, ते हवेच्या रेणूंशी, ते उजेडाशी गुंतलेले. श्रोडिंगरनं १९३५ मध्ये, एकाच वेळी जिवंत आणि मेलेल्या अशा त्याच्या त्या प्रसिद्ध काल्पनिक मांजराच्याच वर्षी, हे लिहून ठेवलं आहे: समग्राचं जास्तीत जास्त ज्ञान असलं म्हणजे त्याच्या भागांचंही ते असतंच, असं नाही. भागाच्या वाट्याला उरतो तो संभाव्यतांचा तक्ता. त्या गृहस्थांनी नखाकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे मघाशी माहितीवादी म्हणत होते ते या नखापुरतं बरोबर?" नखापुरतं बरोबर, हो.

आणि त्या मुलीला माझं उत्तर असं असतं: वर्ग घेतो तो इलेक्ट्रॉनच्या तरंगफलनाचा नव्हे, तर इलेक्ट्रॉन, तंतू, पडदा, जे जे गुंतलं असेल त्या सगळ्यांच्या मिळून एका तरंगफलनाचा. प्रयोगशाळेत आपण इलेक्ट्रॉनला सगळ्यांपासून सोडवून घेतो, निर्वात नळीत, काही क्षणांपुरतं, आणि तेवढ्यापुरतं त्याला स्वतःचं काहीतरी मिळतं. काळे पट्टे दिसतात ते तेवढ्याच वेळात.

पट्ट्या आणि टॉर्च इथे टेबलावर ठेवतो आहे. पुढे येऊन ज्यानं त्यानं करून बघा. मधली पट्टी हळूहळू फिरवत न्या, उजेड कुठे सर्वांत जास्त होतो ते बघा, आणि कृपा करून काचेवर बोटं उमटवू नका.